याद्यांपासून नोंदणीपर्यंत: कोल्हापुरात बेताच्या खर्चात देखणे लग्न

कोल्हापूर भागात लग्न ठरल्याची बातमी कानावर आली की पहिला प्रश्न येतो तो "हॉल कुठला धरला?" हा. हिशेबाच्या दृष्टीने हा प्रश्न फार उशिराचा आहे. हॉल, केटरर आणि डेकोरेशन यांचे दर घासाघीस करून थोडेफार खाली आणता येतात. पण लग्न किती रुपयांचे होणार, हे त्याच्या कितीतरी आधी, याद्यांच्या बैठकीत ठरून गेलेले असते. कोणाकडची किती माणसे येणार, कोणाला साडी आणि कोणाला टॉवेल-टोपी, हळद एकत्र की वेगवेगळी, वरात निघणार की नाही, या गोष्टी तिथे चहा-पोह्यांच्या गडबडीत तोंडी मान्य होतात आणि पुढचे चार महिने दोन्ही घरे त्या तोंडी शब्दांची किंमत मोजत राहतात. म्हणून या लेखात बाजारापेक्षा त्या बैठकीवर आणि तिथे तयार होणाऱ्या कागदावर अधिक भर दिला आहे.

बैठकीच्या आधीची बैठक

सोयऱ्यांसमोर बसण्यापूर्वी प्रत्येक घराने आपल्या स्वयंपाकघरात एकदा मोकळेपणाने बसावे आणि एका कागदावर तीन रकाने आखावेत: आज हातात असलेले पैसे, लग्नाच्या तारखेपर्यंत खात्रीने येणारे पैसे आणि उसने किंवा कर्जाने आणावे लागणारे पैसे. हे तीन आकडे एकमेकांत मिसळले की घोळ सुरू होतो. शेतकरी घरात तर दुसरा रकाना विशेष जपून भरावा लागतो. ऊस नियंत्रण आदेश, 1966 नुसार कारखान्याला ऊस घातल्यापासून 14 दिवसांत एफआरपीची, म्हणजे उसाच्या रास्त व किफायतशीर दराची, रक्कम मिळायला हवी; प्रत्यक्षात बिल कसे येते हे कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. त्यामुळे न आलेले बिल हातात आहे असे समजून कोणालाही इसार देऊ नये. दर दहा दिवसांच्या दूधबिलाचा भरवसा त्या मानाने अधिक असतो. भिशी चालू असेल, तर लग्नाच्या महिन्यात ती उचलता येईल का, हे इतर सभासदांशी निदान दोन-तीन महिने आधी बोलून ठेवावे.

तिसरा रकाना शक्यतो रिकामा ठेवावा, आणि भरावाच लागला तर पतसंस्थेचा किंवा बँकेचा व्याजदर, हप्ता आणि मुदत लिहून मगच भरावा. घरातले जुने सोने गहाण टाकून आलेल्या पैशात त्याच लग्नासाठी नवे सोने घेणारी घरे आपल्या आसपास आहेत. या व्यवहारात व्याज आणि मजुरी या दोन्ही बाजूंनी नुकसान होते, तरीही 'सुनेला नवा दागिना घातला' एवढ्या समाधानासाठी तो केला जातो.

एकूण रक्कम ठरली की तिचा साधारण दहावा हिस्सा लगेच बाजूला काढून ठेवावा. ऐन वेळी येणारी जादा गाडी, दोनदा भरावा लागलेला गॅस, अचानक आलेली आत्याच्या सासरची मंडळी, हे सगळे त्या हिश्शातून भागते.

याद्या लिहूनच कराव्यात

याद्यांना यादी म्हणतात ती उगाच नव्हे. पूर्वी कोणी काय करायचे ते खरोखर कागदावर उतरवून दोन्ही बाजूंची वडीलधारी मंडळी त्याखाली सह्या करत असत. ही पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे, आणि जिथे ती सुटली आहे तिथे पुन्हा धरावी. कागदाच्या दोन प्रती कराव्यात. त्यात कार्यालयाचे भाडे कोण देणार, जेवणाचा खर्च निम्मा-निम्मा की माणसांच्या संख्येप्रमाणे, मंगळसूत्र कोणाकडून, नवऱ्या मुलाचा पोशाख कोणाकडून, गुरुजी आणि वाजंत्री यांची दक्षिणा कोणी द्यायची, हे सर्व यावेच. पण सर्वांत आधी दोन्हीकडच्या माणसांचा आकडा लिहावा. 'वधूकडील 200, वराकडील 200' असे स्पष्ट लिहिलेले असले, म्हणजे नंतर तीनशे वऱ्हाडी घेऊन येणाऱ्याला काही बोलावे लागत नाही. तो कागदच बोलतो.

हुंड्याचा प्रश्न इथे स्पष्टपणे मिटवावा. हुंडा प्रतिबंधक कायदा 1961 चा आहे आणि त्यानुसार हुंडा घेणे, देणे आणि मागणे हे तिन्ही गुन्हे आहेत. 'आम्हाला काही नको, फक्त लग्न चांगलं करून द्या' हे वाक्य ऐकायला निरुपद्रवी वाटते, परंतु 'चांगले' म्हणजे किती हे मुलाकडच्यांनी सांगितलेले नसते, आणि ते ओळखण्याच्या धडपडीत मुलीचा बाप ऐपतीबाहेर जातो. असे वाक्य आले की नम्रपणे, पण तिथल्या तिथे विचारावे: "चांगलं म्हणजे काय काय धरायचं, तेवढं यादीत लिहून घेऊया का?"

मानपानाचे कलम यादीत सर्वांत मोठे होते आणि त्याला कात्री लावणे सर्वांत अवघड असते, कारण एका बाजूने एकटीने कपात केली तर तो दुसऱ्याचा अपमान ठरतो. म्हणून कपात दोन्ही बाजूंनी, एकाच वेळी आणि एकाच मापाने करावी. सख्खे मामा, आत्या, काका, करवल्या आणि वडीलधाऱ्यांपैकी ठरावीक माणसे एवढ्यांचाच मान उभयपक्षी ठेवून बाकीचा आहेर परस्पर माफ केला, तर कोणाचा मान कमी होत नाही. आहेराच्या साड्यांचे पुढे काय होते हे घरातल्या बायकांना विचारावे: घडी न मोडलेली साडी तीन लग्ने फिरून कधी कधी पुन्हा देणाऱ्याच्याच कपाटात येते.

ज्यांना हे सगळेच नको असेल, त्यांच्यासाठी 'यादी पे शादी' हा मार्ग याच भागात रुळलेला आहे. याद्यांसाठी जमलेल्या मंडळींच्या साक्षीने, दोन्हीकडची मोजकी माणसे बोलावून, त्याच दिवशी किंवा अगदी जवळच्या मुहूर्तावर अक्षता टाकायच्या. एके काळी घाईच्या लग्नाला हे नाव चिकटलेले होते. आता चांगल्या खात्यापित्या घरांतही ते ठरवून केले जाते.

चूलबंद की घरटी एक

पाहुण्यांचा आकडा हाच खर्चाचा कणा आहे, कारण त्या एका आकड्यावर जेवण, कार्यालयाचा आकार, खुर्च्या, पाणी, गाड्या आणि पत्रिका असे सगळे अवलंबून असते. ताटाचा दर उदाहरणादाखल 220 रुपये धरला, तर शंभर माणसांमागे 22,000 रुपये केवळ जेवणाचे होतात. सहाशेचा आकडा चारशेवर आणला की 44,000 रुपये वाचतात, आणि शिवाय लहान कार्यालय पुरते. फुलांच्या माळा कमी करून एवढी बचत होत नाही.

आकडा आणावा कसा, तर नावे तीन वेगवेगळ्या पानांवर लिहावीत. पहिल्या पानावर ज्यांच्याशिवाय अक्षता पडू नयेत अशी माणसे. दुसऱ्यावर भावकी, गल्ली, तालीम मंडळ आणि ज्यांच्या लग्नाला आपण जेवून आलो आहोत ती घरे. तिसऱ्यावर कार्यालयातील, व्यवसायातील आणि ओळखीपाळखीची मंडळी. पहिल्या पानाला हात लावू नये. दुसऱ्या पानावरच्या प्रत्येक नावापुढे आमंत्रण चूलबंद, म्हणजे सगळ्या घराला, आहे की घरटी एक, म्हणजे घरातल्या एकालाच, हे लिहावे. पत्रिकेवर सरसकट 'सहकुटुंब, सहपरिवार' छापायचे आणि जेवण मात्र घरटी एकाच्या हिशेबाने सांगायचे, या विसंगतीतून पंगतीला ताटे कमी पडतात. घरटी एक आमंत्रण द्यायचे असेल तर ते प्रत्यक्ष जाऊन, तोंडाने सांगावे. कोल्हापूरकर या बाबतीत समजूतदार आहे, फक्त त्याला मोबाईलवरच्या चित्रावरून ते कळावे अशी अपेक्षा करू नये.

तिसऱ्या पानावरच्या मंडळींना लग्नाऐवजी नंतरच्या सत्यनारायणाच्या पूजेला बोलवावे. नवे जोडपे घरी असते, तीर्थप्रसाद होतो, निवांत चार शब्द बोलता येतात, आणि शिरा, चिवडा व चहा यांत आदरातिथ्य पूर्ण होते. कार्यालयाच्या गर्दीत रांगेत उभे राहून फोटो काढून जाण्यापेक्षा पाहुण्यालाही ते अधिक आवडते.

तारीख आणि जागा

एप्रिल-मे महिन्यांतील रविवारचे मुहूर्त सर्वांत महाग पडतात, हे उघड आहे. मधल्या वारची तारीख, किंवा तुळशीच्या लग्नानंतरचे सुरुवातीचे मुहूर्त घेतले तर कार्यालयाशी बोलायला वाव राहतो. चातुर्मासात नेहमीचे मुहूर्त नसतात. तथापि पंचांगांतून गौण किंवा आपत्कालीन म्हणून वेगळे मुहूर्त दिलेले असतात, आणि ज्या घरांना ते चालतात त्यांना त्या काळात कार्यालये सहज आणि स्वस्तात मिळतात. मात्र पावसाळ्यात जागा निवडताना 2019 आणि 2021 सालचे पंचगंगेचे पूर आठवावेत. नदीकाठचे कार्यालय कितीही देखणे असले तरी जुलै-ऑगस्टमध्ये ते धरू नये, आणि शिरोळ किंवा करवीरच्या पूरपट्ट्यातील पाहुण्यांच्या रस्त्याचाही विचार करावा.

उन्हाळ्यातील लग्नाला दुसरीच भीती असते, ती वळिवाची. कोल्हापुरात मे महिन्यात दुपारपर्यंत ऊन भाजून काढते आणि चारच्या सुमारास काळे ढग चढून वारा सुटतो. मग उघड्या लॉनवरची कापडी कमान पहिल्या पाच मिनिटांत आडवी होते. त्यामुळे लॉनचे भाडे कार्यालयापेक्षा कमी दिसले, तरी संध्याकाळच्या मुहूर्तासाठी पत्र्याच्या किंवा जलरोधक मांडवाचा खर्च त्यात मिळवून मगच तुलना करावी. बेताच्या खर्चात दुपारचा मुहूर्त सोयीचा पडतो: रोषणाई लागत नाही, माणसे अक्षता टाकून जेवतात आणि उजेडी घरी पोहोचतात.

समाजाची भवने, मठ व देवस्थानांची सभागृहे, शाळेची मैदाने आणि गावाकडे घरासमोरचा मांडव, हे मंगल कार्यालयाला चांगले पर्याय आहेत. शहरात राहणाऱ्या पण गावाकडे घर असलेल्या कुटुंबाने गावात लग्न करण्याचा विचार अवश्य करावा, कारण तिथे भांडी, जागा आणि माणूसबळ यांतले बरेचसे भावकीतून उभे राहते.

कार्यालय ठरवताना केवळ भाडे विचारून उठू नये. भाडे किती तासांचे आहे, हळदीसाठी आदल्या संध्याकाळी ताबा मिळतो का आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का, वीजबिल मीटरप्रमाणे की ठोक, जनरेटरचे डिझेल कोणाचे, सफाईचे पैसे किती, बाहेरचा आचारी चालतो का, की त्यांचाच केटरर आणि त्यांचाच डेकोरेटर घ्यावा लागतो, अनामत कधी परत मिळते आणि तारीख बदलली तर इसाराचे काय, ही सगळी उत्तरे पावतीच्या मागे लिहून घ्यावीत. हळद घरी केली तर कार्यालयाचा एक दिवस वाचतो, आणि खरे सांगायचे तर अंगणातल्या हळदीची मजा एसी हॉलमध्ये येत नाही.

जेवण

कोल्हापुरात लग्न लक्षात राहते ते जेवणावरून. म्हणून इथे काटकसर पदार्थांच्या संख्येत करावी, दर्जात करू नये. मसालेभात, पुरी, बटाट्याची किंवा भरल्या वांग्याची भाजी, एखादी उसळ, कोशिंबीर, भजी, गरम जिलेबी आणि मठ्ठा एवढे नीट झाले, तर कोणीही उणे काढत नाही. मसालेभातावर ओले खोबरे, कोथिंबीर आणि तुपाची धार असली की तो भात पाहुणे दुसऱ्यांदा मागून घेतात. याउलट चाट, नूडल्स, पाच प्रकारचे सॅलड आणि तीन गोड पदार्थ मांडले की प्रत्येक जण सगळे थोडे थोडे घेतो आणि निम्मे टाकतो.

जेवण दोन पद्धतींनी करता येते. केटररला माणशी दराने ठेका द्यावा, किंवा आचारी लावून सामान आपण भरावे. दुसरी पद्धत स्वस्त पडते, पण ती पेलणारी माणसे घरात असतील तरच. धान्य-कडधान्य लक्ष्मीपुरीतून घाऊक घ्यावे, भाजी पहाटे मार्केट यार्डातून आणावी, दूध-दही ओळखीच्या डेअरीत आधी नोंदवावे. आचारी जी सामानाची यादी देतो ती सढळ हाताने लिहिलेली असते; तिच्यावर जाणत्या बाईची नजर फिरवून घ्यावी. इतर पदार्थ भरपूर असताना तांदूळ माणशी 80 ते 100 ग्रॅम आणि मठ्ठा 150 ते 200 मिलिलिटर धरला तर बहुधा पुरतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोठीवर भरवशाचा माणूस बसवावा. तेलाचे डबे, तूप, काजू आणि साखर त्याच्या हातून मापून जावी आणि किल्ली त्याच्याच कमरेला असावी. हा मान बहुधा एखाद्या निवृत्त काकांकडे किंवा करड्या स्वभावाच्या मावशीकडे द्यावा. अक्षता पडताना त्या माणसाला कोठी सोडता येत नाही, हे त्यांना आधीच सांगावे.

केटररला ठेका दिला असेल तर वाद होतो तो ताटांच्या मोजणीवरून. त्याची पद्धत अशी असते: सुरुवातीला ताटांच्या थप्प्या मोजून लावायच्या आणि शेवटी उरलेली ताटे वजा करायची. परंतु बुफेत एकच माणूस जिलेबीसाठी दुसरे ताट उचलतो, मुले ताट बदलतात, वाढपी आणि बँडवाले त्याच थप्पीतून घेतात, आणि चारशे माणसांची पाचशे ताटे होतात. म्हणून ताटांच्या टेबलाशी आपल्याकडचा एक चुणचुणीत मुलगा उभा करावा. सुरुवातीची मोजणी केटररच्या माणसासोबत करून दोघांनी एकाच चिठ्ठीवर आकडा लिहावा, मुलाने पन्नासाच्या प्रत्येक थप्पीमागे एक रेघ ओढावी, आणि कामगारांची ताटे वेगळ्या रंगाची किंवा वेगळ्या ठिकाणी ठेवावीत. किमान किती ताटांचे पैसे द्यावेच लागतील, हा आकडा आपल्या अंदाजापेक्षा थोडा खालीच लिहून घ्यावा.

पाहुणे तीनशेच्या आत असतील तर पंगत बसवण्याचा विचार करावा. वाढपी जास्त लागतात हे खरे, पण तालमीची किंवा भावकीची मुले हौसेने वाढतात आणि अन्न फार कमी वाया जाते. पत्रावळीवर मिठापासून क्रमाने वाढत येणारी मुले, जिलेबीचे ताट घेऊन प्रत्येकापुढे वाकून "अर्धी तरी घ्या की, दाजी" म्हणणारा नवरीचा चुलत भाऊ, आणि पंगतीच्या टोकाला उभे राहून कोणाच्या पानात भात संपला आहे ते नुसत्या नजरेने दाखवणारे आजोबा, हे दृश्य कोणत्याही डेकोरेटरला उभे करता येत नाही आणि त्याचे पैसेही पडत नाहीत.

हळदीच्या किंवा मांडव परतण्याच्या मटणाविषयी थोडे स्वतंत्रपणे लिहायला हवे. हे जेवण घरच्या माणसांपुरते ठेवावे. तांबडा-पांढरा आहे ही बातमी पत्रिकेपेक्षा लवकर पोहोचते, आणि साठ माणसांचा अंदाज दीडशेवर जातो. रस्सा वाढवता येतो, मटण वाढवता येत नाही. म्हणून आमंत्रणे नावानिशी द्यावीत. श्रावण, एकादशी किंवा घरातला उपवासाचा वार आला असेल तर कोल्हापुरातही झुणका-भाकरी आणि ठेच्यावर हळद छान साजरी होते.

कापड आणि सोने

आहेराच्या साड्या, टॉवेल आणि उपरणी एकगठ्ठा घ्यायची असतील तर गांधीनगरच्या घाऊक बाजारात जावे. नवरीचा शालू मात्र महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीत निवांत बसून, अंगावर टाकून बघून घ्यावा. दोन्ही कामे एकाच दिवशी, बारा बायका बरोबर घेऊन करू नयेत. नवरीच्या अंगावर एक साडी खरी असावी आणि बाकीच्या साध्या असाव्यात, एवढा नियम पुरेसा आहे. पाठराखणीला आणि करवल्यांना इरकल साडी नेसवली तर ती सीमाभागाची ओळख सांगते, फोटोत उठून दिसते आणि नंतर वापरातही येते. नवऱ्या मुलाची शेरवानी पुन्हा कधी घातली जात नाही, म्हणून ती भाड्याने घ्यावी. धोतर किंवा सलवार-कुर्ता, डोक्याला फेटा आणि पायात खऱ्या चामड्याची कोल्हापुरी चप्पल असली तर शेरवानीची उणीव कोणाला जाणवत नाही. फेटे बांधणारा माणशी पैसे घेतो. घरच्या पुरुषांपुरते वीस-पंचवीस फेटे बांधावेत. आलेल्या प्रत्येकाला फेटा बांधायला लागले की फेट्याचा मान राहत नाही आणि बिल मात्र वाढते.

सोन्याचा खर्च लग्नखर्चात न मिसळता वेगळ्या पानावर लिहावा, कारण तो मोडला तर काही परत देतो. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, जाण्याआधी त्या दिवसाचा 22 कॅरेटचा दर माहीत करून घ्यावा आणि दुकानदाराला तीन आकडे वेगवेगळे विचारावेत: निव्वळ सोन्याचे वजन, मजुरी आणि घट. त्यावर जीएसटी 3 टक्के लागतो. दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक असायला हवा, आणि तो मोबाईलवरच्या बीआयएस केअर अॅपमध्ये दुकानातच तपासता येतो. कोल्हापुरी साज, मंगळसूत्राच्या वाट्या यांसारख्या दागिन्यांत पातळ पत्र्याच्या आत लाख भरलेली असते. ती कलाकुसरीसाठी आवश्यकच आहे, मात्र बिलात लाखेचे वजन सोन्याच्या वजनातून वजा केलेले आहे का, ते पाहावे. आजीचा जुना साज घरात असेल तर तो मोडू नये. गाठवून आणि उजळून घ्यावा. तेवढ्या मजुरीत नवरीला असा दागिना मिळतो की जो आज करायचा म्हटले तर सगळे अंदाजपत्रक त्यातच संपेल. पैंजण, जोडवी, करंडा आणि समई या चांदीच्या वस्तूंसाठी हुपरीला एक फेरी मारावी.

सजावट, वाजंत्री, छायाचित्रे

पाहुण्यांची नजर दोन ठिकाणी स्थिरावते: प्रवेशद्वारावर आणि बोहल्यावर. सजावटीचे पैसे या दोन जागांवरच खर्च करावेत आणि मधल्या खांबांना, छताला कापड गुंडाळणे सोडून द्यावे. दारात केळीचे खुंट, उसाच्या मोळ्या आणि आंब्याचे डहाळे उभे केले, तर त्यासाठी जिल्ह्यात कोणाच्या तरी शेतापलीकडे जावे लागत नाही. बोहल्यामागे नारळाच्या झावळ्या विणून त्यावर झेंडू आणि शेवंतीच्या माळा सोडल्या की थर्मोकोलच्या महालापेक्षा ते कितीतरी शोभते. फुले सुटी, किलोवर घ्यावीत आणि आदल्या संध्याकाळी घरी ओवावीत. दसरा-दिवाळीच्या आसपास मात्र झेंडूचा भाव चढलेला असतो. आपल्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी त्याच कार्यालयात दुसरे लग्न असेल, तर व्यवस्थापकाकडून त्या घराशी संपर्क साधून बोहल्याचा सांगाडा दोघांत मिळून करता येतो. डेकोरेटर स्वतःहून हे कधीही सुचवणार नाही.

डॉल्बीवर पैसे घालवू नयेत. हलगी, घुमके आणि कैताळाचा एक चांगला ताफा तासाभरासाठी आणला तर वरातीला दुसरे काही लागत नाही, आणि अक्षतांच्या वेळी सनई असली म्हणजे पुरे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, हे वरात लांबवणाऱ्या मित्रमंडळींना आधीच सांगून ठेवावे. छायाचित्रकाराशी ठरवताना अल्बमची पाने, व्हिडिओचे तास आणि सगळे मूळ फोटो पेनड्राइव्हवर मिळणार की नाही, हे लिहून घ्यावे. प्री-वेडिंग हवेच असेल तर सकाळी लवकर रंकाळ्याच्या काठावर किंवा पन्हाळ्यावर एखाद्या मित्राच्या कॅमेऱ्याने ते होऊन जाते.

पत्रिका वडीलधाऱ्यांपुरत्या छापाव्यात. पहिली अंबाबाईला, दुसरी जोतिबाला किंवा आपल्या कुलदैवताला ठेवावी. बाकीच्यांना मोबाईलवर पाठवून वर एक फोन करावा.

विधी आणि कागदपत्रे

विधी किती करायचे हे गुरुजींशी आधी बोलून ठरवावे. देवक, कन्यादान, सप्तपदी नीट व्हावे आणि मधले लांबण कमी व्हावे, अशी विनंती केली तर बहुतेक जण ती मान्य करतात. पुरोहिताशिवाय लग्न करायचे असेल तर सत्यशोधक पद्धतीचा मार्ग आहे. महात्मा फुले यांनी 1873 साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि राजर्षी शाहूंच्या काळात कोल्हापुरात या चळवळीला राजाश्रय मिळाला. त्यामुळे हा विधी लावून देणारी माणसे इथे आजही सापडतात. वधूवरांनी परस्परांना दिलेली वचने हा त्याचा गाभा असतो आणि त्याला सामग्री फारच थोडी लागते.

थेट नोंदणी विवाह करायचा असेल तर विशेष विवाह कायदा, 1954 नुसार 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि तीन साक्षीदार लागतात. ऐपत अगदीच बेताची असेल, तर शासनाच्या शुभमंगल सामूहिक व नोंदणीकृत विवाह योजनेची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावी. आंतरजातीय विवाहासाठीचे प्रोत्साहनपर अनुदान वेगळे आहे आणि त्याची माहिती जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात मिळते. या योजनांच्या अटी आणि रकमा बदलत असल्याने तारीख धरण्यापूर्वीच विचारावे, नंतर नव्हे.

धार्मिक पद्धतीने लग्न झाले तरी त्याची नोंदणी करावीच लागते. महाराष्ट्रात 1998 च्या अधिनियमानुसार ती 90 दिवसांच्या आत करायची असते. शहरात महापालिकेच्या विभागीय कार्यालयात आणि गावात ग्रामपंचायतीत. नमुना 'ड' चा अर्ज, दोघांचे वयाचे आणि राहण्याचे पुरावे, फोटो, लग्नपत्रिका, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या पुरोहिताची सही एवढे लागते. ही शेवटची सही पुष्कळांची राहून जाते, आणि मग हंगामात रोज दोन लग्ने लावणाऱ्या गुरुजींना गाठण्यासाठी हेलपाटे पडतात. अर्ज आधीच आणून, भरून, कोठीवरच्या माणसाकडे देऊन ठेवावा. गुरुजी दक्षिणा घ्यायला त्याच्याकडेच येतात, तेव्हा दक्षिणेच्या आधी सही घ्यावी. त्याच टेबलावर कार्यालयाच्या अनामतीची पावती, ताटांच्या मोजणीची चिठ्ठी आणि आहेराची वही असावी, म्हणजे मांडव सुटण्यापूर्वी केटररचा हिशेब आणि अनामत हे दोन्ही व्यवहार तिथेच पुरे होतात.